शेहेचाळिसावे पान

मित्रांनो, मी एक जुनी नियमपुस्तिका आहे. एवढे ऐकूनच तुम्हाला जांभई आली असेल, तर माझी तक्रार नाही. मला छापणाराही मध्ये दोनदा पेंगला होता. विद्यापीठात एकाच वेळी दोन पदव्या कशा घ्याव्यात, मुख्य विषयाला कोणता गौण विषय जोडावा, कोणता विषय कुठे मोजावा, हे सगळे माझ्या पोटात आहे.

नवी होते तेव्हा माझा थाट काय वर्णावा! प्राध्यापक मला दोन्ही हातांनी उचलत. पुढे मी खिडकी क्रमांक तीनवर, हेडक्लार्कच्या टेबलावर आले. त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात एखादे कलम यायचे, म्हणून सगळे त्यांना कलमकाका म्हणत. नियम बदलला की दुरुस्तीची चिठ्ठी यायची आणि काका ती स्वतः माझ्यात चिकटवायचे. इतर खिडक्यांवरच्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्याने उडत, आमची एकही कधी हलली नाही. काका डिंक लावत नसत, लिंपत असत. वीस वर्षांत मी चांगलेच बाळसे धरले.

मग काकांना मी तोंडपाठ झाले आणि तिथेच माझे दिवस फिरले. पाठ झालेले पुस्तक उघडतो कोण? माझ्यावर चहाचा कप ठेवला जाऊ लागला. खरे सांगते, फार वाईट वाटायचे.

परवा एक मुलगी खिडकीशी आली. सोबत तिची मावशी होती, पुस्तके बांधण्याचे दुकान चालवणारी. मुलीने पाच वर्षे राबून भूगोल आणि संख्याशास्त्र अशा दोन पदव्यांचा अभ्यास पुरा केला होता. पण एक विषय दोन्हीकडे मोजला तरच दुसरी पदवी पदरात पडणार होती, आणि दोन्ही असतील तरच नकाशांच्या कचेरीतली नोकरी. पदवीधरांची यादी त्याच दिवशी पाचला बंद होणार होती.

"एक विषय दोन पदव्यांत मोजता येत नाही. कलम एकवीस," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी एक विषय जास्तीचा घे."

"काका, एकदा पुस्तकात बघता का?"

"मला पाठ आहे. माझ्या सख्ख्या मुलीलाही मी याच कलमाखाली परत पाठवलंय."

मुलीचे डोळे भरून आले. मी आतल्या आत तडफडत होते, पण कुणी उघडल्याशिवाय पुस्तकाला कंठ फुटत नाही.

मावशीला नियमांशी काही देणेघेणे नव्हते. तिने कप बाजूला सारला आणि माझी पाने अंगठ्याने चाळली.

"काका, पंचेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस? मधली पानं कुणी खाल्ली?"

"छपाईची चूक असेल."

"छपाईची नाही, डिंकाची. हे पान हाताला दुप्पट जाड लागतंय. एक ओलं फडकं द्या."

ओले फडके, पट्टीची कड आणि दहा मिनिटे. मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! शेवटी शेहेचाळिसावे पान सुटले. त्यावर नीट चिकटवलेली चिठ्ठी होती: 'दोन पदव्या एकाच वेळी घेणाऱ्यांना दोन विषयांपर्यंत ही अट लागू नाही.' खाली काकांचीच सही आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख. ओल्या डिंकाने चिठ्ठीबरोबर समोरचे पानही धरून ठेवले होते.

काकांनी ते तीनदा वाचले. मग अर्जावर शिक्का मारला, यादीत तिचे नाव घातले आणि यादी स्वतः पळत पोचवली. पाचला सहा मिनिटे कमी होती.

"डिंक थोडा हात राखून लावत जा, काका," मावशी जाताना म्हणाली.

खिडकी बंद झाल्यावर काकांनी याच कलमाखाली परत पाठवलेल्या अर्जांची फाइल काढली. तेवीस अर्ज होते. सगळ्यांत जुना त्यांच्या मुलीचा. त्यांनी फोन लावला. ऐकायला कमी येते म्हणून ते स्पीकर चालू ठेवतात, त्यामुळे मलाही सगळे ऐकू आले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. पाठ झालेले पुस्तकसुद्धा, कुणाला 'नाही' म्हणण्याआधी, एकदा उघडत जा. काकांना हे सांगायला नऊ वर्षे माझ्याजवळ तोंड नव्हते. त्यांच्या मुलीजवळ होते.

"बाळा, तुझी दुसरी पदवी तुला मिळायला हवी होती. चूक माझी होती गं."



"बाबा, मी तेव्हा म्हटलं होतं, एकदा उघडून बघा."

"म्हटलं होतंस."

"आता परत अर्ज केला तर चालेल?"

"कर," काका म्हणाले. "मी खिडकीवरच आहे."