मला कौल मागू नका

मी वीस बाजूंचा फासा बोलतोय. रंगाने हिरवा, काचेसारखा दिसणारा, पण प्लास्टिकचा. लुडोच्या फाशाला सहा बाजू असतात, तो पडला की धपकन बसतो. मी जवळजवळ गोल. जागा जरा उतरती असली की घरंगळतो. थांबलो तरी आतून वाटत राहतं, की अजून एक बाजू पुढे सरकायला हवी होती.

कुठल्या तरी कारखान्यात, साच्यात माझा जन्म झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते राजूर. एका खोक्यातून, जाडजूड इंग्रजी पुस्तकासोबत मी इथे आलो. खोकं उघडणारा गोरक्षनाथ, माझा मालक. गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं नारळ-दुर्वांचं दुकान आहे. शाळा लवकर सुटलेली. लाजाळू इतका, की गिऱ्हाइकाने काही विचारलं तर बोलायच्या आधी नारळच पुढे करतो. मोबाईलवर त्याने कुणाला तरी हा खेळ खेळताना पाहिलं, आणि तो त्याच्या डोक्यात बसला.

खेळ असा. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. आपलं माणूस आता काय करणार, हे ज्याने त्याने सांगायचं. ते जमलं की फसलं, हे नियमांनी ठरायचं. गोष्ट सांगायचा गोरक्षनाथ. खेळायला दोघं. त्याची चुलतबहीण रेणुका, भोकरदनला कॉलेजला जाते, पुस्तकातलं इंग्रजी तीच वाचून दाखवते. आणि केदारखेड्याचा कल्याण, टेम्पो चालवतो, मोठ्याने बोलतो.

दुपारी गर्दी ओसरली की दुकानामागच्या पत्र्याखाली बैठक बसायची. पाय लागतात त्या जमिनीवर मला टाकायला कल्याण तयार नव्हता. म्हणून गोरक्षनाथच्या आईची, वच्छलाबाईंची, पितळी परात आली. टाकण्याआधी प्रत्येकजण मला कपाळाला लावायचा. मला आधी गंमत वाटली, मग बरं वाटलं, आणि मग मी जरा फुगलोच. वच्छलाबाई मात्र येता-जाता म्हणायच्या, "माही परात जल्दी द्या रे. पीठ मळायचंय का तुमचे गोटे घोळायचे?"

पुस्तक वाचल्यावर रेणुकाने मोबाईलवर शोधलं, तर अशा खेळांचे नियम एक नाही, कितीतरी. आता मोठी गोष्ट सुरू करायची होती, वर्षभर चालेल अशी. मध्येच नियम बदलता येणार नव्हते. म्हणून तिने ठरवलं, एकच प्रसंग वेगवेगळ्या नियमांनी खेळून पाहायचा. नदीला पूर आलाय. रेणुका वैदीण, कल्याण मेंढपाळ. दोघांनी पलीकडच्या गावाला औषध पोचवायचं.

पहिला मान माझा. माझे नियम सरळ. मला टाकायचं, आलेल्या आकड्यात आपल्या माणसाच्या कसबाचे गुण मिळवायचे, बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की जमलं. रेणुकाने टाकलं. मी परातीच्या काठाला आपटलो, खूप फिरलो, आणि एकवर थांबलो. सगळ्यांत वाईट आकडा.

"गेली वाहून," गोरक्षनाथ म्हणाला.

कल्याणने हात जोडले. त्याच्या दृष्टीने हा कौलच होता. देवाने एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही, हे इथल्या माणसांच्या हाडात आहे. पण रेणुकाचा चेहरा पडला.

"मेले तर मेले, दादा. पण कशी मेले ते तरी सांग ना."

"फाशात आलं तसं," तो म्हणाला. तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत.

तेव्हा मला पहिल्यांदा कसंतरी झालं. तो माझ्यामागे लपत होता. मी बोललो की त्याला बोलावं लागत नव्हतं.

दुसरे नियम चिंचोक्यांचे. फासा नाही. ज्याला जे करायचं, त्याने चिंचोके मोजून द्यायचे, म्हणजे ते जमलंच. कल्याण एकेक चिंचोक्यासाठी घासाघीस करायला लागला. निम्म्या नदीचे निम्मे घे म्हणाला. रेणुका म्हणाली, हा खेळ नाही, टेंभुर्णीचा बाजार झाला. ते नियम तिथेच मिटले.

तिसरे नियम लुडोच्या दोन फाशांचे. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. आणि मधला आला तर जमतं, पण काहीतरी हातचं जातं. काय जातं, ते गोष्ट सांगणाऱ्याने सांगायचं. रेणुकाने फासे टाकले. मधला आला.

गोरक्षनाथचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी परातीबाहेर पडलो होतो, मला काही करता येत नव्हतं. बराच वेळ तो दुर्वांची जुडी सोडत-बांधत राहिला.

"पल्याड पोचलीस तू," तो हळू म्हणाला. "औषध बी कोरडं ऱ्हायलं. पण गठुडं वर धरायला तू कल्याणचा हात सोडला."

कल्याण पुढे सरकला. "आन् मंग मी कुठंय?"

"ते तू सांग. पाण्याखाली डोळे उघडले तवा काय दिसलं?"

त्या दिवशी परात फार उशिरा घरात गेली.

पुढच्या बैठकीला नियम ठरायचे होते. रेणुकाने आधीच सांगून टाकलं, की परत "गेली वाहून" एवढंच ऐकायचं असेल तर ती येणार नाही. ती नाही तर पुस्तक कोण वाचणार, दोघांत कसला खेळ? कल्याण माझ्या बाजूचा. दोन फाशांत गोरक्षनाथच्या मनाचं चालतं, म्हणाला, ह्यात देवाचं चालतं. बराच वाद झाला. गोरक्षनाथ मान खाली घालून बसला होता. शेवटी कल्याण म्हणाला, ह्यालाच विचारू. सम आला तर हा, विषम आला तर ते दोन. जे येईल ते बराबर.

रेणुकाने नाइलाजाने मान हलवली. मला कपाळाला लावलं गेलं. माझा जीव वर-खाली होत होता. माझ्या दहा बाजू सम, दहा विषम, आणि मला हवं ते पाडता येत नाही. मला काहीच ठरवता येत नाही. मी फक्त पडतो. हे मला ओरडून सांगायचं होतं.

गोरक्षनाथने मला टाकलं. मी फिरलो, हळू झालो, कललो, बसलो. आणि त्याच क्षणी त्याचा तळहात माझ्यावर आला.

"ह्याला न्हाई विचारायचं," तो म्हणाला. "मला ते दोन फासे आवडतेत. ह्याच्यात आकडा आला की गोष्ट थांबती. त्याच्यात मला सांगावं लागतं. भ्या वाटतं मला, पण सांगू वाटतं."

कल्याण म्हणाला, "आरं, पण हात तर उचल. पाहू दे काय आलं."

"न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. त्याने मला तसंच मुठीत घेतलं आणि खिशात टाकलं. रेणुकाने लुडोचे फासे परातीत ठेवले.

आता मी दुकानात, कुंकवाच्या रिकाम्या डबीत असतो. मागच्या पत्र्याखालून गोरक्षनाथचा आवाज येतो. पहिल्यापेक्षा मोठा, मध्येच अडखळणारा. कल्याण भांडतो, रेणुका हसते. कुणी गिऱ्हाईक डबीला धक्का देऊन गेलं की मी आत फिरतो, आपटतो, पुन्हा फिरतो. मला झोप नाही.

माझी एवढीच विनंती आहे. मला देव करू नका, आणि फेकूनही देऊ नका. चहा कुणी आणायचा, एवढ्याशा गोष्टीला टाकलंत तरी चालेल. तुमच्या मनातलं मात्र तुम्हीच बोला.

त्या दिवशी हाताखाली काय होतं, ते कुणाला कळलं नाही. सम होता. चौदा.