उशिराचा उजेड

मी चकती बोलतेय. नखाएवढी, पांढरी, मोजणीच्या खोलीत डबीत राहणारी. किरणांचा मार बसला की मी तो मुकाट गिळते आणि कुणी तापवलं की निळसर उजेड होऊन ओकते. जितका उजेड तितका मार, असा माणसांचा सरळ हिशेब. मग मला भट्टीत टाकतात आणि मी कोरी होते. जन्मापासूनचं काही आठवत नाही. या वेळी भट्टी राहिली, म्हणून एवढं तरी सांगता येतंय.

एका शिंप्याच्या डोळ्यामागे गाठ होती. तिच्यावर प्रोटॉनचा झोत सोडायचा होता. आधी चाचणी म्हणून पलंगावर प्लास्टिकचं डोकं ठेवलं आणि त्याच्या आत, नेमकी गाठीच्या जागी, मला. शिंपी दारातून ते डोकं न्याहाळत होता.

"मला दिसेल ना, साहेब? डोळ्यांवरच पोट आहे माझं."

"डोळ्याची नस गाठीला चिकटून आहे," नवे भौतिकतज्ज्ञ म्हणाले. "झोत जास्त झाला तर नस जाईल. म्हणून तर आधी मोजतोय."

सगळे बाहेर गेले, जाड दार लागलं. त्या खोलीत आवाज झाला नाही, ऊबही आली नाही. पण ते प्रोटॉन आले. प्लास्टिकच्या कातडीतून, हाडातून फारसं काही न बिघडवता येतात, ठरलेल्या खोलीवर दमतात आणि थांबता थांबता उरलेला सगळा जोर तिथेच काढतात. त्या दिवशी ते माझ्यात येऊन थांबले. इतके, इतक्या दाटीनं, की मला गिळता येईना. बराच मार माझ्यात न साठता वाया गेला.

मोजणीच्या खोलीतल्या बाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांनी मला चिमट्यानं तापत्या पत्र्यावर ठेवलं. शंभर यायला हवे होते, ऐंशी आले.

"झोत कमी पडतोय," साहेब म्हणाले. "उद्या वाढवू."

मी हादरले. पण मला कुठलं तोंड?

"जरा दम धरा," काकू म्हणाल्या. "हिला अजून तापवून बघते."

एरवी तीनशे अंशांवर थांबतात. काकू पुढे गेल्या. माझ्या तळातून असा उजेड वर आला की मलाच माझी भीती वाटली. माझ्यात कुणीतरी लपून बसलं होतं.

"हा उशिराचा उजेड एवढा कधी येतो, माहितीये? कण जिथे थांबतात, तिथे ही बसलेली असली तरच. आणि तिथे ही नेहमी कमी सांगते. झोत बरोबर आहे, साहेब."

शिंप्याचा झोत वाढवला नाही.

पण काकूंना चैन पडेना. त्यांनी त्या इथे येण्याआधीची जुनी वही काढली. माझा क्रमांक तिच्यात तीनदा सापडला. तिन्ही वेळा चाचणी डोळ्यामागची, तिन्ही वेळा आकडा कमी. पुढे कुणाच्या तरी सुबक अक्षरात लिहिलंय: 'झोत वाढवला.'

ते तिघं कोण, मला आठवत नाही. भट्टीनं सगळं पुसलं. काकू आता त्यांचे पत्ते शोधताहेत. माझी ही हकिगत तुम्हाला दुसऱ्या कुणी वाचून दाखवावी लागत असेल, तर मला माफ करा.