चिमट्यावरचं कुंकू

घड्याळाच्या चाकात तांबडा कण दिसल्याबरोबर प्रल्हादनं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं. चष्म्यावरचा डाग निघाला असता तर त्यानं तिथल्या तिथे सव्वा रुपया देवापुढे ठेवला असता. पण कण होता तिथेच होता. मिठाच्या खड्याचे शंभर तुकडे केले तर त्यातला एक असावा एवढा, आणि सुवासिनीच्या कपाळासारखा लालभडक.

"काका, एनीथिंग?" पलीकडच्या टेबलावरून अनिकानं विचारलं.

"नाही," प्रल्हाद म्हणाला. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. शिंक यावी तसं ते आलं. समोरच्या भिंतीवर साडेनऊ वाजले होते.

तो कण काढायला त्याला दोन मिनिटं लागली असती. पण तेवढ्यात वॉल्टर आला, घड्याळ उचलून घेऊन गेला आणि तपासणीच्या यंत्रावर लावून समोर बसला. आता मागायचं तर कारण सांगावं लागणार.

न्यू जर्सीतल्या त्या वर्कशॉपात तिघंच होती आणि वर्षाला जेमतेम दहा घड्याळं बनत. वॉल्टर मालक, वय चौऱ्याहत्तर, डिझाइन त्याचं. अनिका यंत्रांवर चाकं कापायची. जन्म इथलाच, मराठी आईकडून आलेलं, अर्धं सांडलेलं. आणि प्रल्हाद ते सगळे भाग जुळवून घड्याळात जीव घालायचा. तेल सुकलं की घड्याळ आजारी पडतं, हे जुनंच दुखणं. वॉल्टर सात वर्षं एका ध्यासामागे होता : टिकटिक करणारा भागच असा बनवायचा की त्याला तेल लागणारच नाही. तसलं पहिलं पुरं घड्याळ प्रल्हादनं काल संध्याकाळी जुळवलं होतं. पुढच्या महिन्यात ते स्वित्झर्लंडच्या प्रदर्शनात जायचं होतं. आतलं मागेपुढे झुलणारं बॅलन्सचं चक्र दोनशे नव्वद अंशांचा झोका घेईल, असा वॉल्टरचा हिशेब होता. सकाळपासून ते दोनशेच्या वर जायला तयार नव्हतं.

आता कुंकू तिथे गेलं कसं, हे सांगायला हवं.

परवा खंडेनवमी होती. नाशकात रविवार कारंज्यावर वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हापासून त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, ही रीत. अमेरिकेत आल्यावरही ती सुटली नव्हती. प्रल्हाद दरवर्षी आदल्या संध्याकाळी आपले चिमटे आणि स्क्रूड्रायव्हर घरी न्यायचा, त्याची बायको शुभा पूजा करायची आणि दसऱ्याला तो स्पिरिटनं लख्ख पुसून परत आणायचा. या वर्षी एका चिमट्याच्या मागच्या टोकावर, जिथे दोन्ही पाती जोडलेली असतात तिथे, शुभानं लावलेलं बोट फार देखणं उमटलं होतं. ते पुसायचं त्याच्या जिवावर आलं. मागच्या बाजूला तर आहे, असू दे, म्हणाला. काल घड्याळ जुळवताना त्यातलाच कण झडून आत पडला. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यानं केलेला हा पहिला गाढवपणा, आणि तो भक्तीतून झाला, याचं त्याला धड रडूही येईना.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून त्यानं शुभाला फोन लावला.

"अहो, देवीचं कुंकू ते! त्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

"देवीचं असलं तरी पावडरच ती. चाकाच्या दातात बसलीय."

"मग काढा की. त्यात काय?"

"घड्याळ म्हाताऱ्याकडे आहे. त्याला वाटतंय डिझाइनच फसलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग शुभा हळूच म्हणाली, "नोकरी जाईल का हो?"

दोघांच्याही डोळ्यांसमोर ओक ट्री रोडवरचं दागिन्यांचं दुकान उभं राहिलं. तिथे कोपऱ्यातल्या हातभर काउंटरमागे प्रल्हादनं पाच वर्षं घड्याळांच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या. 'बॅटरीवाले अंकल.' बायका आत बांगड्या बघायच्या आणि नवऱ्यांना त्याच्यासमोर उभं करायच्या. वॉल्टरनं त्याला तिथून उचललं होतं. पावडर, पीठ, लोकरीचा धागा, काहीही आत आणायचं नाही, ही इथली पहिली अट, आणि त्यानं तर साक्षात कुंकू आणलं होतं.

"तुम्ही काही बोलू नका," शुभा म्हणाली. "आपोआप पडेल तो कण."

तो पडला नाही. एक वाजला, दोन वाजले. वॉल्टर घड्याळ उताणं ठेवी, पालथं ठेवी, कडेवर उभं करी. यंत्राच्या पडद्यावरच्या दोन रेघा दारू प्यायल्यासारख्या चालत होत्या.

"उघडून बघू या ना," अनिका म्हणाली.

"कशाला? याआधीची तीन डिझाइन्स अशीच मेली," वॉल्टर म्हणाला. "तीन वाजता प्रदर्शनवाल्याला स्वित्झर्लंडला घरीच फोन करतो. आमचं नाव काढा म्हणून."

आणि तो उठला. कपाटातून पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि भिंतीवरची रेखाटनं एकेक करून उतरवायला लागला. फाडली असती तर प्रल्हादनं सोसलं असतं. पण म्हातारा प्रत्येक कागदाची टाचणी हलक्या हातानं काढत होता, कोपरा न फाटेल अशी.

प्रल्हाद उभा राहिला.

"सर, डिझाइन बरोबर आहे. आत माझी पावडर आहे."

"कसली पावडर?"

"देवाची."

वॉल्टरनं अनिकाकडे पाहिलं. अनिकानं घाईघाईनं काय ते इंग्रजीत समजावलं : वर्षातून एकदा आम्ही हत्यारांना थँक यू म्हणतो, देन वी पुट धिस रेड थिंग. प्रल्हादनं चिमटा पुढे धरला. मागच्या टोकावर बोटाचा ठसा अर्धा उरला होता.

वॉल्टरनं तो बराच वेळ पाहिला. "तुला कधी कळलं?"

"साडेनऊला."

"आता पावणेतीन झालेत."

"हो सर."

"पावडरचं मी समजू शकतो," वॉल्टर म्हणाला. आवाज चढला नव्हता, हेच जास्त भयंकर होतं. "माझ्या मास्तरांच्या सिगारेटची राख मी घड्याळातून काढलीय. पण पाच तास, प्रॅल. पाच तास मी इथे बसून माझी सात वर्षं पुरत होतो, आणि तू बघत होतास."

प्रल्हादला नोकरीची भीती वाटत होती, तोवर निदान काहीतरी हातात होतं. आता तेही सुटलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मी घाबरलो होतो."

"मग आता घाबरलेल्या हातांनीच काढ. माझे थरथरतात."

वॉल्टर त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसला. प्रल्हादनं दुसरा, स्वच्छ चिमटा घेतला. बॅलन्सचं चक्र उचलून बाजूला ठेवलं. श्वास सोडला आणि तो संपला त्या क्षणी बोटं खाली नेली. टोकाला चिकटवलेल्या मेणाच्या कणावर तांबडा ठिपका अलगद वर आला. मग चाकाचे दात एकेक करून पुन्हा तपासले, चक्र जागेवर बसवलं, पाच स्क्रू आवळले.

यंत्रावर रेघा आधी वाकड्याच निघाल्या. मग सरळ झाल्या, जवळ आल्या, आणि आकडा चढत गेला. दोनशे चाळीस. दोनशे सत्तर. दोनशे ब्याण्णव.

"ओ माय गॉड, काका!" अनिका ओरडली.

वॉल्टरनं हात पुढे केला नाही. फोन उचलला, घड्याळ येत असल्याचं तिकडे कळवलं आणि खाली ठेवला. प्रल्हाद तोवर कामाचा कोट काढून घडी घालत होता.

"उद्या आठ वाजता," वॉल्टर पाठमोराच म्हणाला. "माझ्यासमोरच्या टेबलावर बसायचं. बरेच दिवस."

खिडकीजवळचं चांगल्या उजेडाचं टेबल गेलं होतं, आणि ते कधी परत मिळेल हे त्यानं विचारलं नाही.

जिना उतरून तो खाली आला, पण घराकडे पाय वळेना. खालच्या मजल्यावर दाताचा दवाखाना होता. दार उघडं दिसलं, तो आत जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसला. समोर चारपाच माणसं आपापला गाल धरून बसली होती. आतून यंत्राची घरघर आली तशी सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या.

शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं, "भीती वाटतेय?"

"हो," प्रल्हाद म्हणाला. "खूप."

त्यांनी मांडीवरची पर्स उचलली, दोघांच्या खुर्च्यांमधल्या हातावर ठेवलेलं आपलं कोपर काढून घेतलं, आणि तो हात त्याला टेकायला मोकळा करून दिला.