मेजरला बोलवायचं कसं

आमची धाकटी, कल्याणी, कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेली ते साल १९९९. नवीन साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते म्हणे, आणि ते पडू नयेत म्हणून कोथरूडहून आमची मुलगी पाठवली होती. निघताना तिने आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. एक घडी केलेला कागद आणि मेजरचा पट्टा.

"बाबा, परत येईन तेव्हा मला तो इथेच हवा. कोणाला देऊन टाकू नका."

मेजर म्हणजे तिचा कुत्रा. पामेरियन, गुळाच्या रंगाचा, तांब्यापेक्षा थोडा उंच. नाव तिनेच ठेवलेलं. माझी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. तिथे मेजर लोक बोलवायचे आणि मी धावत जायचो. आता म्हातारपणी मी मेजरला बोलवत होतो आणि तो ढिम्म हलत नव्हता.

कागदावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कारण मी वाचायला शिकलो तो निवृत्तीनंतर, तिच्याचकडून, आणि जोडाक्षर आलं की अजून थांबतो. 'एक, नाव घेऊन ये म्हणा. दोन, आला की लगेच बिस्किट द्या. तीन, आला नाही तर रागावू नका.'

माझ्या बायकोने, चंद्रभागेने, तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "मला नाही कोणी असा कागद करून दिला."

"तुला कशाला? तू हाक मारलीस की मी येतोच."

"येता. कारण तिसरा नियम मी पाळत नाही."

शिकवणी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सुरू झाली. रोज सकाळी आठ ते नऊ. मी म्हणायचो, "मेजर, ये." मेजर टाकीच्या सावलीत बसून माझ्याकडे पाहायचा, मग दुसरीकडे पाहायचा. मी रागावत नव्हतो. एकदा त्याच्या पुढ्यात बिस्किट ठेवून तोंडाने सांगितलं की बाबा रे, हे तुझं आहे, फक्त चार पावलं ये. त्याने जांभई दिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्याच वर्षी डॉक्टरांनी माझी साखर तपासली होती आणि चंद्रभागेने घरातले गोड डबे उचलून वरच्या फळीवर टाकले होते. चहा बिनसाखरेचा. बिस्किट बंद. पण कुत्र्याची बिस्किटं कुत्र्याची, त्याला ती बोलणार नव्हती. म्हणून रोज सकाळी सदऱ्याच्या खिशात सहा ग्लुकोज बिस्किटं घालून मी उजळ माथ्याने गच्चीवर जायचो. मेजर येत नसे. बिस्किटं उरत. उरलेली बिस्किटं टाकून द्यायची माझ्या पिढीला सवय नाही.

पाचवं-सहावं बिस्किट चालू असेल तेवढ्यात जिन्यातून हाक यायची. "अहोऽऽ!" माझं नाव, सीताराम, तिने आयुष्यात घेतलं नाही. तिला गरजही पडली नाही. त्या 'हो'ला ती अशी लांबण लावायची की तिसऱ्या मजल्यावरून निघालेली हाक गच्चीवर पोचेपर्यंत संपत नसे. आणि हाकेच्या मागोमाग ती स्वतः यायची. मग माझ्या हातात असेल तेवढं बिस्किट मी घाईघाईने मेजरच्या तोंडात कोंबायचो, खिसा झटकायचो, मिशा पुसायचो.

"येतो का हाकेला?" ती विचारायची.

"प्रगती आहे."

"दिसतेय. जाड झालाय."

असे तीन महिने गेले.

मेजरची मान म्हणजे नुसते केस. पट्टा केसांना लागायचा, मानेला नाही. त्यामुळे मनात आलं की तो पट्ट्यातून डोकं काढून मोकळा. एकदा तो असाच सुटला आणि सोसायटीच्या अध्यक्षांच्या, महिपतराव काकडे यांच्या स्कूटरच्या पायरीवर जाऊन बसला. काकडे कामाला निघाले होते. मी अर्धा तास "मेजर, ये" करत होतो. काकडे हेल्मेट घालून उभे होते. शेवटी ते रिक्षाने गेले.

संध्याकाळी ते घरी आले. पाणीही घेतलं नाही.

"अहो सीतारामराव, कुत्रा पाळायला आमची हरकत नाही. पण हा तुम्ही पाळलेला आहे असं त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही."

"शिकतोय, साहेब."

"रविवारी सकाळी नऊ वाजता खाली आणा. समितीसमोर पट्टा काढा, हाक मारा. आला, तुमच्या हातून पट्टा लावून घेतला, तर राहील. नाही तर त्याला दुसरीकडे ठेवा."

त्या रात्री कल्याणीचा फोन आला. "मेजर कसा आहे?" तिने विचारलं. "मजेत," मी म्हणालो, आणि फोन चंद्रभागेकडे दिला.

रविवारी निम्मी सोसायटी खाली. समितीचे चार जण खुर्च्यांवर, बाकीचे दूध-पेपरच्या निमित्ताने. मी पट्टा काढला. मेजर थेट काकड्यांच्या स्कूटरखाली.

"मेजर, ये."

काही नाही.

"मेजर! ये रे राजा."

"राजा म्हणताय, म्हणून येत नसेल," कोणीतरी म्हणालं. "हुद्दा वाढवून बघा, कर्नल म्हणा."

मी वीसेक हाका मारल्या. काकड्यांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात वर आमच्या गॅलरीतून आवाज आला.

"अहोऽऽ! पोहे गार झाले!"

स्कूटरखालून गुळाचा गोळा सुटावा तसा मेजर सुटला. पेपरवाल्याच्या सायकलीखालून निघाला आणि माझ्यासमोर येऊन बसला, तोंड उघडं. खाली उभ्या असलेल्या पाच-सहा नवऱ्यांनी वर पाहिलं होतं, त्यांनी आता खाली पाहिलं.

मला कारण कळलं. कळलं आणि हात आपोआप खिशावर गेला.

"कुत्र्याचं नाव मेजर ना?" काकड्यांनी विचारलं.

"कागदोपत्री."

"पण हा वहिनींनी बोलावल्यावर आला. फिरवता तुम्ही. तुम्ही बोलवा."

त्यांनी मेजरला उचललं आणि फाटकापाशी नेऊन ठेवलं. मी नुसतं "अहो" म्हणून पाहिलं. मेजरने एक कान उभा केला, बस. लांबण लागणार होती. मी घसा खाकरला, डोळे मिटले आणि चव्वेचाळीस वर्षं ऐकलेला तो स्वर लावला.

"अहोऽऽ!"

"काय म्हणताय?" वरून चंद्रभागा म्हणाली.

सगळे हसले. पण मेजर आला. आला आणि दोन हातांवर थांबला. मी वाकलो की तो मागे सरकायचा, आणि नजर माझ्या खिशावर.

"पट्टा लावायचाय," काकडे म्हणाले.

मी वर पाहिलं. चंद्रभागा कठड्यावर कोपरं टेकून बघत होती. कल्याणीचा कुत्रा की माझं बिस्किट, एवढाच प्रश्न होता. मी खिशात हात घातला आणि बिस्किट काढलं. अर्धं होतं. दातांची खूण मेजरची नव्हती, हे तिसऱ्या मजल्यावरूनही दिसलं असावं. मेजरने ते घेतलं आणि मी पट्टा चढवला, एक भोक आवळून.

"राहील," काकडे म्हणाले.

चंद्रभागा खाली आली, माझा खिसा उलटा केला. पाच बिस्किटं निघाली.

"किती दिवस?"

"कल्याणी गेल्यापासून."

"रोज किती?"

"मेजरला एखादं, आणि..."

"मेजरचं मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून खिशात कडक भाकरीचे तुकडे आले, तिने मोजून दिलेले. मेजरने ते चालवून घेतले. मलाही चालवून घ्यावे लागले.

कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. जानेवारीत कल्याणी परतली, दारातच बॅगा टाकून ओरडली, "मेजर!" मेजर सोफ्याखालून हलला नाही.

"अहो म्हण," तिची आई म्हणाली. "शेवट लांबव."

"आई, माझं लग्न तरी होऊ दे!"

मग तिनेही म्हटलं. मेजर येऊन तिच्या पायांशी बसला.

पुढे चंद्रभागा गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. खडकीचा माझा जुना सोबती कोंडीराम निघेना, तेव्हा त्याची बायको मथुराबाई दारातून म्हणाली, "अहोऽऽ, चला की!" स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सकाळपासून पडून असलेला मेजर उठला, पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत आला आणि माझ्यासमोर बसला. खिशात भाकरी नव्हती. मी आत जाऊन आणली.

चंद्रभागा ९ फेब्रुवारी २००७ रोजी, शुक्रवारी वारली. मेजर २०१० च्या मे महिन्यात गेला.