गंधालीची साखर

रविवारी मुलुंडला लेकीच्या, गंधालीच्या, सासरी सत्यनारायण होता, म्हणून विमला सकाळीच विक्रोळीहून निघाली. पिशवीत नारळ, ओटीचं सामान आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली इन्सुलिनची दोन पेनं.

गंधालीला चौदाव्या वर्षीच मधुमेह झाला होता. दहा वर्षं तिनं तो शहाणपणानं सांभाळला. स्कूटर काढण्याआधी बोटातून थेंब घेऊन साखर तपासायची, डिकीत ग्लुकोज ठेवायचं, हात थरथरले की गाडी कडेला घ्यायची. डॉक्टरांचं सगळं तिला पाठ होतं. पण दोन स्थळं ह्याच कारणानं मोडली, म्हणून तिसरं, मुकुलचं स्थळ आलं तेव्हा विमलानं बजावलं, "ह्या घरात एक अक्षर बोलायचा नाय. संसार लागला की मग सांगू."

"आई, मुकुलला तरी सांगूया ना गं!"

विमलानं ऐकलं नाही. लग्नाला पाच महिने झाले होते. गंधाली न्हाणीघराचं दार लावून सुई टोचून घेई. कुणी विचारील म्हणून डिकीतलं ग्लुकोज गेलं, साखर तपासायचं यंत्र माहेरी राहिलं.

पूजा नऊची होती. दहाला प्रसाद मिळेल ह्या भरवशावर गंधालीनं नेहमीचं इन्सुलिन घेतलं होतं; त्यावर वेळेत खाल्लं नाही तर रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. साडेदहा झाले तरी गुरुजींचा पत्ता नव्हता. पूजा होईपर्यंत सून उपाशीच राहणार, हे सासूबाईंनी, नीलाताईंनी, आधीच सांगितलेलं.

स्वयंपाकघरात पेनं हातात देताना विमलानं लेकीकडे पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे.

"आई, मला कसंतरी होतंय. साखर दे दोन-तीन चमचे."

डबा हाताशीच होता. विमलानं हात पुढे केला, तेवढ्यात नीलाताई आत आल्या. विमलाचा हात मागे आला.

"गंधाली, विड्याची पानं कमी पडतायत. स्कूटरवर जाऊन आण पटकन."

गंधालीनं आईकडे पाहिलं. विमला तिच्या कानाशी एवढंच पुटपुटली, "जरा धीर धर गो बाय."

गंधाली गेली. मंडईच्या अलीकडे स्कूटर सरळ दुभाजकावर आदळली. पाहणारे म्हणाले, ब्रेक लावलाच नाही, पोरगी झोपेत असल्यासारखी दिसत होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला पाहुणे हळूच बोलत होते. "आजकालच्या पोरी गाडी पळवतात हो." विमलाला ते ऐकवेना. ती भर बैठकीत उभी राहिली.

"माझ्या पोरीन गाडी पळवली नाय. तिला डायबिटीस होता. मी लपवायला लावला. त्या दिवशी तिनं माझ्याकडे साखर मागितली, आणि मी दिली नाय."

मुकुल भिंतीला टेकून बसला होता. तो उठून विमलापुढे आला. मग म्हणाला, "आई, मला सांगायचं होतंत. मी खिशात साखर घेऊन फिरलो असतो."

नीलाताईंच्या डोळ्यांना धार लागली होती. तरी त्या खोटं बोलल्या नाहीत. "मला आधी कळलं असतं, तर मी हे लग्न होऊ दिलं नसतं."

"मोडायला हवं होतं, विहीणबाई," विमला म्हणाली. "पोर माझ्या घरात राहिली असती. पण असती."

आता दर गुरुवारी विमला मधुमेहाच्या ओपीडीत जाते. मुलींना घेऊन आलेल्या आयांच्या शेजारी बसते आणि झालं ते सगळं सांगते. स्वयंपाकघरातला तो प्रसंगही ती गाळत नाही. काही आया उठून दुसऱ्या बाकावर जातात. परवा एकीनं तोंडावरच विचारलं, "सगळं उघड सांगितलं तर आमच्या मुलीचं लग्न कसं व्हायचं हो?"



"माझ्या मुलीचं झालं होतं," विमला म्हणाली.