तीन कामं, एक हात

"हा मॅनेजर म्हणजे मी काय?"

श्रीरामनं कागद माझ्या नाकासमोर नाचवला. मी थालीपीठ उलटत होते. दीडला निघायचं होतं, दोनला कॉलेजात परीक्षा होती. आज पास झाले की सोमवारपासून माझ्या मैत्रिणीच्या, प्रीताच्या दाताच्या दवाखान्यात हिशेबाची नोकरी. अमेरिकेत, या ट्रॉय गावात सतरा वर्षं काढल्यावर माझी पहिली नोकरी.

"अहो, होमवर्क आहे तो. कुठलीही छोटी कंपनी काढा म्हणाले होते."

"कुठलीही? एस अँड एस? श्रीराम अँड शोभना? मूर्ख समजतेस का मला?"

मूर्ख तर मीच. माझी पर्स तपासल्याशिवाय त्याला जेवण जात नाही, आणि मी बाई तो कागद पर्समध्येच ठेवला!

कॉलेजातले आमचे कोवाल्स्की सर गेल्या वर्षी कंपन्यांचे ताळेबंद वाचायला शिकवायचे. कंपनी आतून पोखरलेली असली तरी वर्षाच्या शेवटी कशी नटून थटून उभी राहते, ते त्यांनी दाखवलं तेव्हा मला इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती आठवला. दरवर्षी लांब बाह्यांचं ब्लाउज, गालावरचा वळ झाकायला कन्सीलर, आणि चारचौघींत "आमचे हे फार केअरिंग हो". झाकली मूठ सव्वा लाखाची!

या वर्षी हिशेबाच्या सिस्टिम्स होत्या. सर म्हणाले, तीन कामं कधी एका हातात देऊ नका. परवानगी एकानं द्यायची, वस्तू दुसऱ्यानं सांभाळायची, नोंद तिसऱ्यानं करायची. तिन्ही एकाकडे गेली की माणूस संत असला तरी घात होतो. आमच्याकडे तर नावच श्रीराम. मला वर्गात हसूच फुटलं.

मग एका कंपनीत कोणतं काम कोणाकडे, ते बाणांनी दाखवणारं चित्र काढायला सांगितलं. कोणी पिझ्झाचं दुकान काढलं, कोणी सासऱ्याचं गॅरेज. मला घर सोडून दुसरं काही माहीतच नव्हतं, मग मी घरच काढलं. बाहेर जायची परवानगी मॅनेजर देतो. पासपोर्ट, कार्डं, किल्ल्या मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. कांद्याबटाट्याची पावतीसुद्धा मॅनेजर स्वतः एक्सेलमध्ये चढवतो. एका कोपऱ्यात एकच कर्मचारी, तिच्याकडून सगळे बाण निघतात आणि तिच्याकडे एकही येत नाही. सरांना वाटलं मी गंमत केलीय. त्यांनी लाल पेनानं खाली लिहिलं होतं, "मस्त! पण ही कर्मचारी अजून इथे का आहे?"

त्या ओळीवर श्रीरामचं बोट थांबलं.

"त्या म्हाताऱ्याला घरातलं सांगतेस?"

त्यानं माझे केस धरले आणि डोकं फ्रिजवर आपटलं. एकदा, मग परत. फ्रिजवरचे मॅग्नेट खाली पडले. मी ओरडले नाही. सतरा वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला की ओरडायची सवयच जाते. तव्यावर थालीपीठ जळायला लागलं होतं आणि मी हात लांब करून गॅस बंद केला. मार खाताना गॅस बंद करणारी बाई, काय म्हणावं हिला!

"जा आता परीक्षेला," असं म्हणत त्यानं माझ्या पर्समधून लायसन्स काढलं, हॉलमधल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. फोटो आयडी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. फी भरायची परवानगी मागताना मीच ते नियमांचं पान त्याला वाचून दाखवलं होतं.

मी धावले. ड्रॉवर अजून पूर्ण लागला नव्हता. मी उजवा हात आत घातला आणि त्यानं कमरेनं ड्रॉवर ढकलला. दोन बोटं कटकन वाजली. मी बोटं ओढून काढली, तोवर त्यानं किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

"डॅड, ओपन द ड्रॉवर."

जिन्यावर अनिका उभी होती. सोळा वर्षांची माझी पोर. आमचं सुरू झालं की कानात हेडफोन घालून खोलीत बसायची. आज तिचे कान मोकळे होते.

"गो टु युअर रूम."

"नो. ओपन इट. आईची एक्झाम आहे."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. ती जिन्याच्या कठड्यावर आदळली, ओठातून रक्त आलं. तिच्या अंगाला त्यानं आजवर कधी हात लावला नव्हता. याच एका गोष्टीवर मी सतरा वर्षं काढली होती.

ओट्यावर माहेरचा लोखंडी खलबत्ता असतो. मी तिथे कधी पोचले आणि त्यातला बत्ता डाव्या हातात कधी आला ते मला कळलं नाही. मी त्याच्या डोक्यावर उगारला. खोटं कशाला सांगू, मारलाही असता. तो मागे सरकला आणि चक्क म्हणाला, "शोभना, प्लीज." सतरा वर्षांत पहिल्यांदा प्लीज!

मग मी बत्ता ड्रॉवरवर घातला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. लायसन्स घेतलं, गाडीची किल्ली घेतली, तिघांचे पासपोर्ट होते त्यातले दोन घेतले. त्याचा तिथेच ठेवला. चोर नाही मी.

गाडी अनिकानं चालवली, इथे सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. लाल सिग्नलला ती म्हणाली, "आई, आय अ‍ॅम कॉलिंग द पोलीस."

"कर. पण आधी पेपर."

परीक्षेच्या खोलीच्या दारात कोवाल्स्की सर आयडी बघत होते. माझी बोटं वांग्यासारखी झाली होती. "माय गॉड, काय झालं?"

माझ्याकडे तयार उत्तरं होती. बर्फावर घसरले. ओव्हनचं दार लागलं. सतरा वर्षं हीच उत्तरं सांगत आले होते आणि लोक मान डोलवत आले होते. मी लायसन्स त्यांच्यापुढे ठेवलं.

"मॅनेजर," मी म्हणाले.

सर क्षणभर हसले. मग त्यांना ते चित्र आठवलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या अनिकाच्या ओठाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला बिचाऱ्यांचा. "आय अ‍ॅम सॉरी," ते म्हणाले, "तुम्ही घरी जा, परीक्षा नंतर घेऊ."

"कुठल्या घरी?" मी विचारलं. "सर, दोन तास द्या. मग पोलीस, दवाखाना, सगळं करू."

त्यांनी मला दाराजवळचा कॉम्प्युटर दिला आणि रुमालात बर्फ बांधून आणला. उजवा हात त्या रुमालावर ठेवून मी डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला लागले. आधी माझं नाव. एकेक अक्षर शोधत.

दाराला काच होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये अनिका जमिनीवर बसली होती, दोन्ही पासपोर्ट मांडीवर घट्ट धरून. सांभाळायचं काम तिच्याकडे, लिहायचं माझ्याकडे. परवानगी मी कोणाला विचारली नव्हती.

मी पहिला प्रश्न वाचायला घेतला.