आत्याच्या फरश्या

भाच्याने आत्याला न विचारता जुन्या वस्तूंचा व्यापारी तिच्या घरी बोलावला, इथेच त्याचं चुकलं. तसा पोरगा मनाने वाईट नव्हता. आत्याने आता एकटीने राहू नये, आपल्याकडे यावं, एवढंच त्याचं म्हणणं. आत्या नाही म्हणाली की तो हसण्यावारी न्यायचा. पण त्याच्या घरात भिंती कमी आणि आत्याकडे चिनीमातीच्या जुन्या जर्मन तसबिरी ढीगभर, हाताने रंगवून भट्टीत भाजलेल्या. घरातले सगळे त्यांना फरश्या म्हणायचे. आत्याने दातांच्या चिनीमातीच्या कॅप घडवण्यात हयात घालवली, लग्नाच्या फंदात पडली नाही, आणि हौस केली ती एवढीच. तीही विकून टाकायची म्हणजे काय, डोकं फिरलंय का?

व्यापाऱ्याने भिंतीवरून एकच तसबीर उतरवली. गुलाबी गालांची, लाजणारी तरुणी. मागचा कारखान्याचा ठसा पाहून त्याचे डोळे लकाकले. ही मिळाली तर बाकीच्याही उचलतो, म्हणाला. बाकीच्यांवर फुलंफळंच होती, नुसत्या त्यांत त्याला रस नव्हता. भाचा खूश. आत्याचं सामान कधी हलवायचं, तेही त्याने लगे हात ठरवून टाकलं.

ही तरुणी घरी आणली त्याच दिवशी आत्याने सवयीने तिचा गाल दाताला लावून पाहिला होता. भाजलेला रंग दाताला थंड, टणक लागतो. हा कोमट आणि मऊ लागला. कुणीतरी मूळ चेहऱ्यावर नंतर साधा रंग फासून बाईला देखणी केली होती. आत्याने ते तसंच राहू दिलं. म्हटलं, असेल बिचारीची काही अडचण.

आता ती उठली आणि नेलपॉलिश काढायची बाटली, कापूस घेऊन आली. भाचा आडवा यायच्या आत तिने तरुणीच्या तोंडावरून बोळा फिरवला. गुलाबी गाल कापसावर आले. खालून निघाली एक पन्नाशीची बाई. नाक भलं मोठं, हनुवटीवर चामखीळ, आणि नजर अशी की समोरच्याने मुकाट खुर्ची सोडावी. भट्टीतला रंग तसूभरही हलला नाही.

असला चेहरा दिवाणखान्यात कोण लावणार, असं पुटपुटत व्यापारी बूट चढवू लागला.

भाच्याने कपाळाला हात लावला. "आत्या, काय केलंस हे? आता हिला कोण नेणार?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. तिने तसबीर परत खिळ्याला अडकवली, दारातून शिरणाऱ्याला आधी दिसेल अशी. "आणि मलाही."